प्रवरेकाठची हातकुऱ्हाड

आदिमानवाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: लाखो वर्षं त्याला दुसरं काही सुचलंच नाही. शाळेच्या पुस्तकातल्या कालरेषेवरही तेच दिसतं. डाव्या टोकाला दगडाचं हत्यार, पुढे विस्तव, मग शेती, चाक, लोखंड, आणि उजव्या टोकाला शोधांची नुसती दाटी. डावीकडचा लांबलचक पट्टा रिकामा. माणसाचा जवळजवळ सगळा काळ त्या रिकाम्या पट्ट्यात गेला आहे, आणि तिथे सांगण्यासारखं काही घडलंच नाही असं धरून आपण पान उलटतो.

मला तो पट्टा फार जवळचा वाटतो. त्या काळात माणसं काय करत होती याचा विचार मी करायला लागले ती एका दगडामुळे.

तो दगड म्हणजे हातकुऱ्हाड. नावात कुऱ्हाड असली तरी तिला दांडा नसतो. बदामाच्या आकाराचा, हातात भरून उरेल एवढा दगड. एका टोकाला निमुळता, दोन्ही अंगांनी कपच्या उडवून कडेला धार आणलेला. फ्रान्समधल्या सेंट अशूल या जागेवरून या हत्यारांच्या परंपरेला अशूलियन हे नाव पडलं, पण तिचा उगम आफ्रिकेतला. केनियात तुर्काना सरोवराच्या पश्चिमेला कोकिसेलेई इथे सापडलेल्या हातकुऱ्हाडी सुमारे १७ लाख ६० हजार वर्षांपूर्वीच्या आहेत, आणि इथिओपियातल्या कोन्सोच्या जवळपास तेवढ्याच जुन्या. भारतात चेन्नईजवळच्या अत्तिरमपक्कमला शांती पप्पू आणि कुमार अखिलेश यांच्या उत्खननात त्या १५ लाख वर्षांपूर्वीच्या थरात निघाल्या. आपल्या उपखंडात काही ठिकाणी त्या पार दीड लाख वर्षांपूर्वीपर्यंत घडवल्या जात होत्या. वीस वर्षांची एक पिढी धरली तर ६५ हजारांहून जास्त पिढ्या होतात. शिवाजी महाराजांपासून आपल्यापर्यंत याच हिशोबाने वीसही पिढ्या होत नाहीत.

आपल्याकडे ही हत्यारं लांब शोधायला जावं लागत नाही. नाशिकजवळ गंगापूरला गोदावरीच्या काठी ती सापडली आहेत, कऱ्हेच्या काठी मोरगावला सापडली आहेत, कुकडीच्या काठी बोरीला सापडली आहेत. आणि प्रवरेकाठी नेवाशाला. नेवाशाला आपण जातो ते पैसाच्या खांबासाठी. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी तिथे गीतेवर निरूपण केलं आणि सच्चिदानंदबाबांनी ते उतरवून घेतलं, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं. त्याच गावाला वळसा घालून जाणाऱ्या नदीच्या दरडींत लाखो वर्षांची माणसं आहेत, हे मात्र कुणी सांगत नाही. १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेवाशाला उत्खनन केलं. ऐतिहासिक काळापासून सुरुवात करून ते खाली खाली उतरत अश्मयुगापर्यंत पोचले. हातकुऱ्हाडींच्या थराच्या वर, त्याहून लहान आणि वेगळ्या घडणीच्या दगडी हत्यारांचा आणखी एक थर आहे, हे त्यांनी तिथेच दाखवून दिलं. त्या मधल्या अश्मयुगीन हत्यारांना अभ्यासक पुढे बरीच वर्षं नेवाशाच्याच नावाने ओळखत.

नंतर, १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात, गुद्रुन कोर्विनस नावाच्या जर्मन संशोधिकेने नेवाशाजवळच चिरकी नाल्यावर उत्खनन केलं. प्रवरेचं सगळं खोरं तिने पायाखाली घातलं, थरन्थर तपासला, दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. मधल्या काळात ती इथिओपियात हदारला आदिमानवाचे अवशेष शोधणाऱ्या मोहिमेत गेली, आणि १९७६ मध्ये संशोधक एलेन रोश यांच्यासोबत जवळच्याच गोनाच्या नाल्यांत तिला दगडी हत्यारं मिळाली. पुढे त्या परिसरातल्या हत्यारांचं वय २६ लाख वर्षं निघालं. कितीतरी वर्षं ती जगातली सर्वांत जुनी मानली जात होती. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या एका नाल्यात बसून दगड वाचणारी बाई माणसाच्या कारागिरीच्या इतक्या आरंभापाशी पोचली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. ती आपल्या मातीतली नव्हती, पण आपल्या मातीवर तिने आयुष्याचा मोठा भाग घालवला. तिचं नाव नगर जिल्ह्यातल्या मुलांना माहीत असायला हवं.

नेवाशाच्या खाली त्या दरडींपाशी मी उभी राहिले आहे. वर काळी माती, तिच्याखाली पिवळट गाळ, आणि तळाशी चुन्याने आवळून घट्ट झालेली गोटेखडी. हत्यारं असतात ती त्या गोटेखडीत. त्यांच्यासोबत रानबैलाचे अवशेषही नेवाशाला सापडले आहेत, आजच्या बैलापेक्षा कितीतरी थोराड अशा जातीचे. म्हणजे पाण्यावर येणारी जनावरं, काठची झाडी, नदीतले गोटे, आणि या सगळ्यावर नजर ठेवून जगणारी माणसं. त्यांची हाडं मात्र महाराष्ट्रात मिळालेली नाहीत. त्यांनी घडवलेले दगडच तेवढे उरले.

हातकुऱ्हाड घडवणं किती अवघड आहे, हे आपल्याला बघून कळत नाही. आधी दगड पारखावा लागतो. प्रवरेच्या खोऱ्यात सगळीकडे काळा फत्तर, पण त्यातला सच्छिद्र दगड उपयोगाचा नाही. डोलेराइटसारखा बारीक कणांचा, घट्ट दगड लागतो. नदीतला गोटा बाहेरून गुळगुळीत दिसतो आणि आत त्याला चीर असते. म्हणून तो दुसऱ्या दगडाने हलकेच ठोकून बघायचा. धड असेल तर खणखणतो, आत तडकलेला असेल तर बद्द वाजतो. मग मोठ्या धोंड्यावर एकच जोरकस घाव घालून तळहातापेक्षा मोठा छिलका उडवायचा. चिरकीची बरीच हत्यारं अशा मोठ्या छिलक्यांवरच घडवलेली आहेत. त्यानंतर खरं काम: कडेवर घाव घालून एका बाजूची कपची काढायची, दगड पालथा करायचा, आत्ता पडलेल्या खाचेलाच बैठक मानून दुसऱ्या बाजूची कपची काढायची, पुन्हा उलटा करायचा. कडेचा कोन नव्वद अंशांच्या आत असेल तरच कपची सुटते. तो एकदा बोथट झाला की नुसते आघात होत राहतात आणि दगड वाया जातो. प्रत्येक घावाच्या वेळी पुढच्या दोन-तीन घावांचा विचार डोक्यात लागतो. तयार हत्याराचा आकार दगडात कुठेच दिसत नसतो. तो घडवणाऱ्याच्या मनात असतो.

हे कुणी कुणाला कसं शिकवलं असेल?

लहानपणी आमच्याकडे पाट्या-वरवंट्याला टाकी लावायला एक पाथरवट यायचा. एकदा त्याच्यासोबत त्याचा मुलगा होता, आठ-नऊ वर्षांचा. बापाने आमच्या पाट्याचं काम स्वतः केलं आणि अंगणात पडलेला एक फुटका दगड पोराच्या पुढ्यात सरकवला. पोरगा दात-ओठ खाऊन छिन्नीवर हातोडी आपटत होता. बाप आपलं काम न थांबवता मधूनच म्हणायचा, "खांद्यातनं कशाला मारतूस? मनगट सैल सोड की." तरी जमेना, तेव्हा तो उठून पोराच्या मागे बसला, त्याच्या मुठीवर स्वतःची मूठ ठेवली आणि चार घाव दोघांनी मिळून घातले. मग हात काढून घेतला. पाचवा घाव पोराचा एकट्याचा. तो बरोबर बसला की नाही हे मला आवाजावरून कळलं नाही, पण बापाला कळलं. त्याने मान हलवली आणि पुन्हा पाट्याकडे वळला.

अश्मयुगाबद्दल वाचायला लागल्यावर या बापलेकाची मला कितीदा तरी आठवण झाली. कारण संशोधकही आता त्याच प्रश्नापाशी आले आहेत. न्यू गिनी बेटाच्या पश्चिम भागात लांगडा नावाचं गाव आहे. तिथले कारागीर अगदी अलीकडेपर्यंत नदीतल्या दगडांपासून वाकसाची पाती घडवत. डीट्रिख स्टाऊट या संशोधकाने त्यांच्यात राहून पाहिलं: उमेदवारी कोवळ्या वयात सुरू होते, आणि वरच्या दर्जाचं काम हाती यायला दहा वर्षंही लागतात. सगळे एकत्र बसून घडवतात, एकमेकांच्या दगडाकडे बघतात, बिघडलं की वडीलधारा दगड स्वतःच्या हातात घेऊन दुरुस्त करून परत देतो. २०१५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात १८४ जणांना साधे धारदार छिलके काढायला लावलं होतं. काहींच्या पुढ्यात नुसते तयार छिलके ठेवले, काहींना दुसऱ्याचं काम बघू दिलं, काहींना हात धरून आणि खुणांनी शिकवलं, काहींना बोलून शिकवलं. नुसतं बघून फारसा फरक पडला नाही. कुणीतरी जाणून शिकवलं तेव्हाच कामात ठळक सुधारणा झाली, आणि बोलून शिकवलं तेव्हा सर्वांत जास्त. आणि हे तर हातकुऱ्हाडीपेक्षा कितीतरी सोपं काम.

कांझी नावाच्या बोनोबो वानराचीही गोष्ट इथे सांगायला हवी. अमेरिकेत माणसांच्या सहवासात वाढलेल्या या अतिशय हुशार प्राण्याला संशोधक निकोलस टोथ यांनी दगड फोडून दाखवला. खाऊची पेटी बांधलेली दोरी कापायला धार लागते हे त्याने ओळखलं, आणि दगड फोडून तो छिलके मिळवायलाही शिकला. त्यासाठी कितीदा तरी त्याने दगड सरळ जमिनीवर आपटला. त्याचं कौतुक वाटतंच, पण हातकुऱ्हाडीपर्यंत तो पोचला नाही.

काही अभ्यासकांचं म्हणणं असं आहे की हातकुऱ्हाड इतकी वर्षं बदलली नाही याचा अर्थ ती शिकण्याची गोष्टच नव्हती. सुगरणीला खोपा विणण्याची प्रेरणा उपजत असते तशी काहीशी ही असावी. मला हे पटत नाही. अत्तिरमपक्कमला क्वार्टझाइट होता. कर्नाटकात हुणसगी खोऱ्यातल्या इसामपूरला, जिथे के. पद्दय्या यांनी १२ लाख वर्षांपूर्वीची दगडांची खाण आणि कार्यशाळा उकरून काढली, तिथे चुनखडकाच्या लाद्या होत्या. चिरकीला डोलेराइट. हे तिन्ही दगड वेगळे फुटतात. लादीला आयतीच सपाट बाजू असते, गोट्याला मुळी कडच नसते. माणूस एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात गेला की आधीचं ज्ञान अर्धंच उपयोगी पडणार. तरीही प्रत्येक ठिकाणी तोच बदामी आकार निघतो. दगड बदलला, घाव बदलले आणि मनातला आकार टिकला. हे शिकणाऱ्याचं आणि शिकवणाऱ्याचं लक्षण आहे. मध्ये कुठे कुठे धागा तुटलाही असेल, एखादा कळप हे विसरला असेल आणि पुढे कुणीतरी ते पुन्हा जुळवलं असेल. पण एकंदरीत ६५ हजार पिढ्यांत कुणीतरी बसून दुसऱ्याला दाखवत राहिलं, असंच मला वाटतं.

आणि मग त्याच्या मागचं सगळं जगणं दिसायला लागतं. शिकवणाऱ्याला वेळ लागतो. जो दिवसभर कंद उकरत फिरतो, त्याला पोराच्या मागे बसून चार घाव घालता येत नाहीत. शिकणारं पोरही दगड वाया घालवत बसतं, तेवढा वेळ त्याचं पोट दुसऱ्या कुणीतरी भरावं लागतं. म्हणजे हातकुऱ्हाडीच्या आधी वाटून खाणं हवं. टांझानियात शिकारीवर आणि कंदमुळांवर जगणाऱ्या हाद्झा लोकांमध्ये क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं की म्हाताऱ्या बायका खोल जमिनीतले कंद सगळ्यांत चिकाटीने उकरतात, आणि लेकीला नवं बाळ झालं की थोरल्या नातवंडाचं पोट आजीच्या कष्टावर चालतं. माणसाच्या आयुष्यात मूल होण्याचं वय सरल्यावरही एवढी वर्षं का उरली, याचं एक उत्तर त्यांनी त्यात शोधलं. आजचे हाद्झा म्हणजे आदिमानव नव्हेत, तेही आपल्याच काळातले लोक आहेत. पण उघड्या माळावर पोट भरायचं तर काय काय लागतं हे त्यांच्याकडून कळतं.

जॉर्जियात द्मानिसी इथे १७ ते १८ लाख वर्षांपूर्वीची एक कवटी मिळाली आहे. एक सोडून सगळे दात पडलेले, आणि जबड्यातल्या दातांच्या खाचा हाडाने भरून आलेल्या. दात गेल्यावर तो माणूस काही वर्षं जगला होता. कच्चं मांस आणि कंद यांवर जगणाऱ्या लोकांत बोळक्या तोंडाचा म्हातारा जगतो, तेव्हा कुणीतरी त्याच्यासाठी अन्न कुटून मऊ करून देत असणार असं मला वाटतं. त्याला काय काय ठाऊक असेल! कुठल्या ओढ्यातला दगड खणखणतो हे ठाऊक असलेलं माणूस कळपाला परवडत नाही असं कसं म्हणावं?

मुलांबद्दल विचार केला की मात्र मन थोडं हळवं होतं. १९८४ मध्ये कामोया किमेउ यांना तुर्कानाकाठी नारिओकोतोमे इथे एका मुलाच्या सांगाड्याचा पहिला तुकडा सापडला. पुढे जवळजवळ सगळा सांगाडा मिळाला. सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीचा, होमो इरेक्टस या आदिमानवाच्या जातीचा. शरीराच्या बांध्यावरून तो बारा-तेरा वर्षांचा वाटे. दातांच्या आतल्या वाढीच्या रेषा मोजल्या तेव्हा तो जेमतेम आठ वर्षांचा ठरला. त्यांची मुलं आपल्यापेक्षा लवकर मोठी होत. म्हणजे आपल्या मुलांना जेवढं बालपण शिकण्यासाठी मिळतं, तेवढं त्यांना मिळत नव्हतं. त्या तुटपुंज्या वर्षांत दगड पारखायचा, कोन ओळखायचा, हात बसवायचा. घाई असणार शिकवणाऱ्यालाही.

हातकुऱ्हाड घडवणाऱ्याचं चित्र काढताना दाढीवाला पुरुषच काढतात. का ते मला कळत नाही. ज्या कोन्सो परिसरात जगातल्या अतिशय जुन्या हातकुऱ्हाडी सापडल्या, तिथे चामडं कमावणाऱ्या बायका आपल्या काळातही दगड फोडून त्याच्या तासण्या बनवत आल्या आहेत. गारगोटीसारखे दगड त्या स्वतः निवडून आणतात, स्वतः घडवतात, बोथट झाले की पुन्हा धार काढतात, आणि हे त्या आईकडून शिकलेल्या असतात. आज त्या बनवतात ती हत्यारं हातकुऱ्हाडीहून अगदी वेगळी आहेत. पण दगडावरचा घाव पुरुषाच्याच दंडातून निघतो हा समज मोडायला त्या पुरेशा आहेत.

घडवणारं माणूस प्रत्यक्ष दिसावं अशी एक जागा इंग्लंडमध्ये आहे. ससेक्समधल्या बॉक्सग्रोव्हला सुमारे पाच लाख वर्षांपूर्वी काही जणांनी एका घोड्याची खांडोळी केली. त्यासाठी लागणाऱ्या हातकुऱ्हाडी त्यांनी तिथेच बसून घडवल्या. गाळ इतक्या हलक्या हाताने साचला की कपच्या जिथे पडल्या तिथेच राहिल्या. उत्खननात कपच्यांचे ढीग सापडले, आणि एके ठिकाणी त्यांच्यामध्ये बसलेल्या माणसाच्या पायांएवढी मोकळी जागा. संशोधकांनी त्या कपच्या एकमेकींना जुळवून पाहिल्या. बाहेरचा दगड जुळून आला आणि मधोमध पोकळी राहिली, हातकुऱ्हाडीच्या आकाराची. हत्यार घेऊन ती माणसं निघून गेली होती.

भारतात त्या काळातल्या माणसाचा अवशेष जवळपास एकच आहे. ५ डिसेंबर १९८२ रोजी भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना नर्मदेच्या काठी, होशंगाबादजवळ (आताचं नर्मदापुरम) हथनोरा इथे कवटीचा एक भाग मिळाला. त्याच गोटेखडीच्या थरात हातकुऱ्हाडींच्या परंपरेतली हत्यारंही होती. ती कवटी बहुधा एका तरुण स्त्रीची आहे. मराठी माणसं केवढ्या श्रद्धेने नर्मदेची परिक्रमा करतात; तिच्या उत्तर तीरावरून जाताना या बाईच्या गावाजवळून त्यांची वाट जाते. प्रवरेकाठच्या माणसांचे चेहरे आपल्याला माहीत नाहीत. तेव्हा निदान तिला तरी आपण आपलं मानावं असं मला वाटतं.

हातकुऱ्हाडीचा काळ सगळीकडे एकदम संपला नाही. अत्तिरमपक्कमला ३ लाख ८५ हजार वर्षांपूर्वीच लोक नव्या पद्धतीकडे वळले होते: गाभा आधीच असा तयार करायचा की एका घावात हवा तसा छिलका सुटावा. दुसऱ्या खोऱ्यांत जुनं घडवणं पुढे लाख-दोन लाख वर्षं चालू राहिलं. हे सगळं कळू शकलं ते थर शाबूत होते म्हणून. एकटा दगड आपलं वय सांगत नाही. तो कुठल्या वाळूत, किती खोल, कशाच्या खाली आणि कशाच्या वर पुरलेला होता यावरून ते काढतात. अत्तिरमपक्कमच्या हातकुऱ्हाडींचं वय ठरवताना तर त्यांच्या दगडातलं क्वार्टझ अवकाशातून येणाऱ्या किरणांपासून किती काळ जमिनीत झाकलेलं होतं हे मोजलं गेलं. आपल्याकडे मात्र नद्यांचे काठ वाळूसाठी आणि मुरमासाठी पोखरले जात आहेत, गोटेखडी रस्त्याच्या भरावात जाते आहे. जेसीबीच्या एका दिवसाच्या कामात जे जातं, ते पुन्हा कुठल्याच उत्खननातून मिळणार नाही. याचं मला फार वाईट वाटतं आणि रागही येतो. शेतात किंवा नाल्यात असा दगड दिसला तर तो उचलून घरी आणू नये. आहे तिथे ठेवून फोटो काढावा, जागा लिहून ठेवावी आणि पुरातत्त्व विभागाला किंवा डेक्कन कॉलेजला कळवावं.

माझी एक इच्छा आहे. नेवाशाला, नदीच्या जवळ, एक छोटी खोली असावी. काचेच्या पेट्या थोड्याच असल्या तरी चालेल. पण तिथे डोलेराइटचे गोटे असावेत, डोळ्यांवर लावायला चष्मे असावेत, आणि दगड फोडायला शिकलेलं कुणीतरी मोठं माणूस रोज तिथे बसलेलं असावं. सहलीला आलेल्या मुलांना त्याने गोटा ठोकून आवाज ऐकवावा, हातोडा दगड हातात द्यावा, आणि कपची उडेपर्यंत त्यांच्याजवळ बसून राहावं.